छत्तीस गुणिले चोवीस

जत्रेतल्या नाटकाला सभामंडपात माझी जागा ठरलेली आहे. डावीकडचा तिसरा खांब, त्याच्या पुढ्यात चटई. बाबांच्या पेंटॅक्स के-१००० या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स तिथून लावली, की सिंहासन, त्यावरचे महाराज आणि बाजूच्या भालदाराचा थरथरता भाला एवढं नेमकं चौकटीत मावतं. भालदार एरवी वीजखात्यात लाइनमन आहे. खांबावर न थरथरणारा माणूस रंगमंचावर का थरथरतो, देव जाणे.

मागच्या जत्रेत भाच्याने त्याचा डिजिटल कॅमेरा हातात ठेवला. "मामा, घेऊन बघ. तुझी लेन्स बसते यावर." बसली खरी. पण त्याच चटईवरून भालदार चौकटीबाहेर गेला आणि महाराज कमरेपाशी कापले गेले. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी मापाचा: साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर. लेन्स जे चित्र टाकते त्याचा तो मधलाच भाग उचलतो, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. मागे सरकावं तर मागे खांब, आणि खांबाला टेकून खाज्यांची टोपली घेतलेली बाई. तिला उठवण्याची माझी छाती नाही.

फोंड्याचा स्टुडिओवाला म्हणाला, "पात्रांव, फुल फ्रेम घे." फुल फ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटर. एपीएस-सीच्या दुपटीहून जास्त क्षेत्रफळ, म्हणून रात्रीच्या उजेडात फोटोवर दिसणारे दाणेही कमी. गंमत अशी, की हे 'फुल' ठरवलं फिल्मनेच. ऑस्कर बार्नाक या जर्मन माणसाने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी धरली, सिनेमाच्या दोन चौकटींची एक केली, आणि १९२५ साली तो लायका कॅमेरा बाजारात आला. म्हणजे लाखभर रुपये मोजून मी जे विकत घेणार, ते माप बाबांच्या कपाटात आधीपासून पडून आहे.

मापांच्या नावांवर तसाही माझा विश्वास उडालाय. 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं. इसवण, म्हणजे सुरमई, डोक्या-शेपटीसकट तोलावा आणि ताटात दोन तुकड्या पडाव्यात, तसलाच हिशेब.

आता फिल्मचं कौतुक करायचं तर गोव्यात राहून ते जरा जपूनच करावं लागतं. रंगीत रोल हजाराच्या घरात, धुवायला मुंबईला पाठवा. कृष्णधवल मी घरी धुतो. डेव्हलपरला, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाला, हवे २० अंश आणि मे महिन्यात आमच्या नळाचं पाणीच तिसाच्या आसपास. मग बर्फ. एकदा सोलकढीसाठी ठेवलेला बर्फ मी रोलला वापरला, त्यावरून घरात जे नाटक झालं त्याला पाच अंकही पुरले नसते. पावसाळ्यात लेन्सला बुरशी. ती नुसती पुसून जात नाही, काचेवरचा थर खाते. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिली. "अहो, तो तांदूळ आता तुम्हीच खा," एवढं ऐकल्यावर सिलिका जेलच्या पुड्या आणल्या. अर्थात बुरशी डिजिटलवाल्यांच्या लेन्सलाही सोडत नाही. त्या बाबतीत आमचा पाऊस निःपक्षपाती.

पण मंगेशीची सात मजली दीपमाळ भर दुपारी टिपून बघा. निगेटिव्हवर उजेड एक-दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट-चौपट, जास्त पडला तरी चुन्याच्या पांढऱ्यातल्या कडा, कोनाडे सापडतात. डिजिटलवर तेवढीच चूक झाली, की तिथे नुसता कोरा कागद. उलट अंधारातलं उकरून काढावं ते डिजिटलनेच. महाराजांच्या मागे काळोखात उभा असलेला प्रॉम्प्टर मला पहिल्यांदा दिसला तो भाच्याच्या फोटोत. माझी ४०० ची (हा उजेड टिपण्याच्या क्षमतेचा आकडा) फिल्म १६०० पर्यंत ताणली, की तिथे फक्त काळं.

परवा स्टुडिओवाल्याने पुन्हा विचारलं, "ठरलं काय?" तालमी सुरू झाल्यात. पेंटॅक्समध्ये गेल्या जत्रेचा रोल अजून तसाच आहे, चौदा फोटो शिल्लक. तिसऱ्या अंकापर्यंत पुरतील, बेताने काढले तर. प्रॉम्प्टरसाठी भाच्याला शेजारी बसवून घेईन.