चिंच, पितळ आणि १९१७

रविवार, रात्री साडेदहा

आज आईने माझी जुनी दुर्बीण घासली. समई, ताम्हन, पळी-पंचपात्र यांच्या ओळीत तिलाही चिंच-मीठ लावून ठेवलेलं. मी बाजारातून येईपर्यंत नळीवरचं तपकिरी वार्निश साफ गेलं होतं आणि पितळ लखलखत होतं. जुन्या पितळेवरचा तो काळपटपणा जपायचा असतो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? "किती कळकट ठेवली होतीस रे," म्हणाली. नशीब, पुढच्या भिंगाची कडी तिच्याच्याने फिरली नाही.

घासायचीच होती तर कपाटातली दुसरी घासायची. ती माझी पहिली खरेदी. वर ठसठशीत कोरलंय, 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७'. पहिल्या महायुद्धातली बोटीवरची, असं दुकानदार म्हणाला आणि मी घासाघीससुद्धा केली नाही. दोनेक वर्षांनी कळलं की केल्विन आणि ह्यूजेस ही दोन घराणी एकत्र आली तीच मुळी १९४७ साली! अशा दुर्बिणी आपल्याकडे रुडकीत बनतात. तिथे मोजणीच्या उपकरणांचा धंदा जुना आहे, हातही चांगले आहेत. शोभेची वस्तू म्हणून विकली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती. ते साल तेवढं झोंबतं.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर दोन्ही घेऊन गच्चीवर गेलो. समोरच्या टाकीवर कावळा. १९१७ वालीतून त्याच्या एका कडेला जांभळी झालर, दुसऱ्या कडेला पिवळट. जुनीतून नुसता काळा कावळा, ओली चोचसुद्धा स्पष्ट. नकलीत पुढे एकच भिंग आहे. जुनीत दोन, एकाला एक लागून: साध्या काचेचं बहिर्गोल आणि शिसं घातलेल्या फ्लिंट काचेचं अंतर्गोल. पहिलं भिंग रंग फाकवतं, दुसरं ते पुन्हा गोळा करतं.

या जोडीचं पेटंट १७५८ साली जॉन डॉलंडला मिळालं. हा लंडनच्या स्पिटलफील्ड्समधला रेशीम विणणारा. मुलगा पीटरने १७५० मध्ये भिंगांचं दुकान काढलं, दोन वर्षांनी बापही माग सोडून त्यात आला. पण ही जोडी जमवली होती पेटंटच्या पंचवीसेक वर्षं आधी, चेस्टर मूर हॉल नावाच्या एका वकिलाने. गुपित फुटू नये म्हणून त्याने एक भिंग एका कारागिराकडे टाकलं, दुसरं दुसऱ्याकडे. दोघांनीही ते काम पुढे जॉर्ज बास नावाच्या एकाच घासणाऱ्याला दिलं, असं सांगतात. दोन्ही भिंगं एकाच गिऱ्हाइकाची, हे बासच्या ध्यानात आलं. झालं!

जॉन गेल्यावर पीटरने बाकीच्या दुकानदारांवर पेटंटचे दावे लावले. हॉलचं नाव कोर्टात निघालं, पण शोध टेबलाच्या खणात कुलूपबंद ठेवणाऱ्याचा नफ्यावर हक्क नाही, असं ठरलं. निकाल कायद्याला धरून असेल. मला मात्र बासचं वाईट वाटतं. दुकानदाराचं नाव नळीवर, घासणाऱ्याचं कुठेच नाही.

माझ्या जुनीवर तर दुकानाचंही नाव नाही. आत्ता दिव्याखाली धरून चिंचेचा उरलासुरला अंश पुसत होतो, तर मधल्या नळीच्या तोंडाशी तीन बारीक रेघा दिसल्या. इतकी वर्षं मळाखाली होत्या. तिच्यात बसणाऱ्या कडीच्या आतही तशाच तीन. कुठली कडी कुठल्या नळीची, हे विसरू नये म्हणून करणाऱ्यानेच ओढल्या असणार.

आईला दाखवल्या. चष्मा लावून तिने नीट पाहिल्या आणि घाईघाईने म्हणाली, "हे माझ्या घासणीने नाही झालं हं."