अभयारण्यातल्या ओढ्यातले किडे गोळा करायची परवानगी: माझा अनुभव

पीएचडीसाठी मी सह्याद्रीतल्या नद्यांच्या तळाचे जीव बघते. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय, चतुर-टाचण्या यांच्या पाण्यातल्या अळ्या, शिवाय गोगलगायी, जळवा, गाळातले किडे. बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणापुरतं सांगतं, हे जीव महिनोन्महिने तिथेच राहिलेले असतात म्हणून नदीचं खरं हे सांगतात. पुण्यात मुठेवर काम सुरळीत झालं, पण तुलनेला एक न बिघडलेला ओढा हवाच, आणि तो मला अभयारण्यातच मिळाला. तिथून काही उचलायचं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवाना लागतो. ते योग्यच आहे. माझा राग आहे तो फॉर्ममधल्या एका रकान्यावर. ऑफिसचं नाव लिहीत नाही.

रकाना असा: प्रजातीचं शास्त्रीय नाव, कोणत्या शेड्यूलमध्ये (म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या कुठल्या यादीत), किती नग, नर की मादी.

पक्षी किंवा साप असेल तर ठीक आहे हो, पण दगड हलवून खाली जाळी धरल्यावर त्यात काय येणार हे आधी कसं सांगायचं? आणि आलं तरी प्रजातीचं नाव कुठून आणायचं? नावं बहुतेक करून पंख फुटलेल्या प्रौढ किड्यांवरून दिलेली आहेत, पाण्यातली कुठली अळी कुठल्या प्रौढाची हे आपल्याकडे बऱ्याच जातींचं अजून जुळवलेलंच नाही, जुळवायचं तर अळी वाढवून प्रौढ बाहेर येईपर्यंत सांभाळा नाहीतर डीएनए करा, म्हणजे त्यासाठी आधी गोळा करायला हवं, आणि गोळा करायला परवाना हवा. मी फॅमिलीपर्यंत, म्हणजे प्रजातीच्या वरच्या मोठ्या गटापर्यंत नावं लिहिली, बेटिडी, हेप्टाजेनिडी (दोन्ही मेफ्लाय), पर्लिडी (स्टोनफ्लाय) वगैरे, नगापुढे ‘अंदाजे’. अर्ज परत. त्रुटी: प्रजाती नमूद नाही.

समजावून सांगितलं, साहेबांना पटलं, मग साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना पहिल्यापासून. एका टेबलावर सल्ला मिळाला की कुठलीही चार नावं टाका मॅडम, कोण बघतंय. मी नाही टाकली आणि तुम्हीही टाकू नका, परवान्यावर एक नाव आणि बाटलीत दुसरंच निघालं तर सगळं सॅम्पल बेकायदा ठरतं, ते रिसर्च पेपरात छापताही येत नाही.

फाईल तिकडे पडलेली आणि इकडे मोसम चालला होता, हे कुणाला सांगून कळत नव्हतं. पावसाळ्यात पूर तळ खरवडून नेतो, पाणी उतरलं की दगडांवर किडे परत वसतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. पुढे ओढा तुटतो, खळाळ आटून नुसते डोह उरतात, आणि वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागणाऱ्या स्टोनफ्लाय तिथे मिळत नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी रोज ओढ्याचाच विचार करायचे. म्हणून सांगते, अर्ज मे महिन्यातच टाका, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

सुटलं ते एका ज्येष्ठ संशोधकांमुळे. ते म्हणाले, नग सोड, क्षेत्रफळ लिही. सर्बर सॅम्पलर म्हणजे तळावर ठेवायची चौकट आणि तिला लावलेली जाळी; ही चौकट 30 बाय 30 सेंटीमीटर, म्हणजे 0.09 चौरस मीटर. प्रत्येक ठिकाणी किती चौकटी, एकूण तळ किती, प्रत्येक फॅमिलीचे जास्तीत जास्त किती ठेवणार, बाकीचे ट्रेमधून जिवंत परत सोडणार, शेड्यूलमधलं काही आलंच तर फोटो काढून जागीच सोडणार, असं सगळं लिहिलं. सोबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांची पानं जोडली, कारण ती पद्धतसुद्धा फॅमिलीवरच चालते. सरकारी कागदावर फॅमिली हा शब्द दिसला आणि सूर बदलला. हो, जाळीचा फोटो नक्की जोडा, नुसतं ‘जाळी’ वाचून त्यांना मासेमारी वाटत होती.

परवाना आला तेव्हा ओढ्याला थोडी धार होती. पहिल्याच खळाळात दगडाच्या पोटाला पर्लिडी चिकटलेली, त्यातलीच निओपर्ला ही स्टोनफ्लाय! इतका आनंद मला नेट पास झाले तेव्हाही झाला नव्हता. ब्रिटिश बीएमडब्ल्यूपी स्कोअरमध्ये, म्हणजे प्रदूषण किती सोसतं यावरून प्रत्येक फॅमिलीला गुण देणाऱ्या पद्धतीत (स्वच्छ पाणीच लागणाऱ्यांना जास्त), पर्लिडीला 10 पैकी 10, आणि मुठेत शहरात मला ढिगाने मिळालेल्या त्या लाल कायरोनोमिडी अळ्यांना (डासासारख्या माश्यांच्या) 2. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या कमी ऑक्सिजनच्या गाळात टिकतात. हा फरक दाखवायलाच तर मला तो ओढा हवा होता.

राहिलंच, बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. अल्कोहोल दुसऱ्या दिवशी बदला, किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. आणि ते कॉलेजमार्फतच मागवा, एक्साइजची कागदपत्रं एकट्याने करत बसू नका.

अहवालासोबत मी त्या ऑफिसला लेखी सूचना दिली आहे: ‘प्रजाती’च्या जागी ‘प्रजाती किंवा फॅमिली’ आणि ‘नग’च्या जागी ‘नग किंवा क्षेत्रफळ’ करा. पोच माझ्याकडे आहे. कुणाचा अर्ज असाच अडला असेल तर त्यांनीही हीच सूचना लेखी द्यावी.