आधी दार कोणी उघडायचं?

आज भाचीला हार्वर्ड दाखवायला नेलं. मॅककीन गेटवर कोरलेलं रानडुकराचं मुंडकं ही समोरच्या पोर्सेलियन या फक्त मुलांच्या जुन्या क्लबची खूण. ते बघून बाईसाहेब सुरूच झाल्या. २०१६ मध्ये कॉलेजने ठरवलं: फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या क्लबात गेलात तर टीमचं कॅप्टनपद विसरा. कोर्टात हाच नियम लिंगभेद ठरेल अशी चिन्हं दिसल्यावर २०२० मध्ये गुंडाळला. रोख होता श्रीमंत पोरांच्या क्लबांवर, पण मधल्या काळात गाशा गुंडाळला काही सोरोरिटींनी, म्हणजे फक्त मुलींच्या क्लबांनी! पोर्सेलियन जागच्या जागी.

"मामा, मुलींना मुलींची जागा हवीच," म्हणाली. ती स्वतः सोरोरिटीत, तेव्हा बोलणारच. मला अर्धंच पटलं. ज्यांच्याकडे जुनी इमारत, पैसा आणि ओळखीपाळखी, त्यांनी आधी दार उघडावं. मुलींचं नंतर बघू.