तोंडाचा पट्टा, गिरणीचा पट्टा

चकलीची भाजणी घेऊन गिरणीत गेले, तर गिरणी गप्प. दिवाळी आठ दिवसांवर आलेली, डब्यांची रांग पायरीखाली उतरलेली, आणि काका मोटरपाशी उकिडवे बसलेले.

"पट्टा गेला, ताई. डबा ठेवून जा, तासाभरानं या."

मी गेले नाही. चालू गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडायचं. बंद गिरणीत चार प्रश्न तरी विचारता येतात.

मराठीत पट्टा कुठे म्हणून नाही? कमरेला आहे, कुत्र्याच्या गळ्यात आहे. पावसाळ्यात बातम्या लावल्या की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा असतोच. सरकारी कचेरीतला शिपाई छातीवरून आडवा बाळगायचा, म्हणून तो पट्टेवाला. आणि आमच्या आजीच्या मते एक माझ्या तोंडात होता. "सुरू झाला हिच्या तोंडाचा पट्टा!" हा पट्टा बहुधा दांडपट्ट्यातला, सपासप फिरणारा. पण मी लहानपणी तो गिरणीचाच धरून चालले होते आणि मला अजूनही तेच पटतं. दांडपट्टा आमच्या गल्लीत कुणी पाहिला होता? गिरणीचा पट्टा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. त्याला ना सुरुवात ना शेवट, आणि तो फिरत असेतो शेजारच्याला तोंड उघडायची सोय नाही.

आजोळची गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची. इंजिन एका खोलीत, जातं दुसरीत, आणि भिंतीतल्या भोकातून वीतभर रुंदीचा सपाट पट्टा ये-जा करायचा, मध्येच फटक फटक वाजत. वाजायचा तो त्याचा सांधा. पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला राळेचा खडा काढून त्यावर धरायचा. मला कोडं पडायचं ते वेगळंच. पुलीला कडा नाहीत, खाचा नाहीत, मग एवढा जोरात फिरणारा पट्टा बाजूला कसा पडत नाही? उलट पुली मधोमध किंचित फुगीर. उतारावरून तो घरंगळायलाच हवा! नाही घरंगळत. सपाट पट्टा ज्या बाजूला घेर मोठा त्या बाजूला चढत जातो. म्हणून पुलीला मध्ये जरा पोट ठेवायचं, की तो आपोआप मधोमध येऊन राहतो. हे कळलं तेव्हा माझं वय चाळिशीपुढे होतं, आणि मला एखादं गुपित कळल्यासारखा आनंद झाला होता.

त्या भोकाजवळ गेलं की मोठी माणसं खेकसायची. पदर, धोतराचा सोगा, वेणी, काहीही ओढलं जायचं. ही धास्ती थेट कायद्यात उतरली होती. १९४८ च्या, आणि २०२५ मध्ये रद्द झालेल्या, कारखाने अधिनियमात चालत्या यंत्रावर पट्टा चढवण्याबद्दल कलम २२ मध्ये जे लिहिलं होतं, ते वाचून मी थक्क झाले. ते काम शिकवून तयार केलेल्या प्रौढ पुरुषानंच करायचं, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकानं द्यायचे. फिरत्या पुलीवरच्या पट्ट्याला हात लावायचा तर त्याची रुंदी १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि त्याचा सांधा वादीनं शिवलेला किंवा पट्ट्याला समतल हवा. देशाच्या कायद्यानं पट्ट्याच्या सांध्याची दखल घ्यावी! म्हणजे तो फटक फटक आवाज दिल्लीपर्यंत पोचला होता तर.

काकांकडचा पट्टा वेगळा, काळा, रबरी, पाचरीसारखा खाली निमुळता. तो पुलीच्या खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींमध्ये रुतून बसतो. ताण पडेल तसा अधिक रुततो. तळाला टेकायला लागला की समजायचं, झिजला. आणि दाणे अडकून जातं जाम झालं तर तो घसरतो, जळका वास सुटतो, पण मोटर वाचते. घसरण्याला आपण उगीच नावं ठेवतो.

एकच पट्टा तुटला होता, तरी काका दोन्ही काढत होते.

"दुसरा चांगला दिसतोय की."

"जुना ताणून लांबलाय, ताई. नव्याबरोबर लावला तर ओढायचं सगळं नव्यावर येतं. मग तोही लवकर जातो. जोडीच बदलायची."

आमच्या ऑफिसात नवा मुलगा रुजू झाला की सहा महिन्यांत का निघून जातो, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

नवी जोडी 'बी बावन्न'. बी म्हणजे जाडी-रुंदीचा प्रकार आणि बावन्न म्हणजे आतल्या बाजूनं इंचात लांबी. मी मुलाच्या बुटांचा नंबर सांगते त्याच सुरात काकांनी तो फोनवर सांगितला होता. पट्टे चढवले, मोटर मागे सरकवली, नट आवळले, आणि मधोमध अंगठ्यानं दाबून पाहिलं. थोडाच दबला. काकांनी नट किंचित सैल केला. फार ताणला की बेअरिंग जातं म्हणाले.

तुटलेला पट्टा कोपऱ्यात गेला. न तुटलेला जुना मात्र त्यांनी झटकून खिळ्याला अडकवला. तिथे आधीचे तीन-चार लोंबत होतेच, पिठानं पांढरे झालेले.

"हे कशाला ठेवायचे?" मी विचारलं.

काकांनी तेवढ्यात बटण दाबलं. त्यांचे ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली आणि माझा डबा पुढे ओढला.