पवनी ते चामोर्शी, वैनगंगेतून नावेने: मागून येणाऱ्यांसाठी

पवनी ते वडसा हा वैनगंगेचा टप्पा डिसेंबरात स्वतःच्या नावेने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हे मत थकव्यातून आले आहे असे कोणी म्हटले तरी ते मी बदलणार नाही. आम्ही तिघे, म्हणजे मी, लाखांदूरकडे धानाची शेती करणारे माझे साडू आणि जन्मभर तलावांत जाळी टाकलेले आमच्या गावचे एक ढिवर काका, चौदा फुटांची फायबरची नाव आणि पाच हॉर्सपॉवरची पेट्रोल मोटार घेऊन गोसीखुर्द धरणाच्या खाली पवनीच्या घाटावर पाण्यात उतरलो. इरादा वर्धा नदीच्या संगमापर्यंत, चपराळ्यापर्यंत जाण्याचा होता. नाव चिचडोह बॅरेजपर्यंत, म्हणजे नदीवरच्या दरवाज्यांच्या बंधाऱ्यापर्यंत गेली. वाचणाऱ्याला पोहता येते, तो लाइफ जॅकेट अंगात घालतो, नुसते नावेत ठेवत नाही, आणि दिवसभर उभे राहून, बांबू तळाला रेटत नाव ढकलण्याची त्याच्यात ताकद आहे, हे मी गृहीत धरतो. जॅकेटच्या बाबतीत ज्यांना शंका असेल त्यांनी जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांचा डोंगा उलटून काय झाले, ते त्या भागात कोणालाही विचारावे.

आम्हाला पहिली चुकीची माहिती मिळाली ती नाव विकणाऱ्याकडून. "नॅशनल वॉटरवे हाये जी हे, जहाज चालन जहाज," असे त्याने सांगितले होते, आणि तेही पूर्ण खोटे नव्हते. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात एकूण 111 जलमार्ग ठरले आणि त्यात वैनगंगा-प्राणहिता 109 व्या क्रमांकावर आहे. परंतु तो टप्पा खालच्या बाजूचा, प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते तिथपर्यंतचा आहे. पवनी त्यात येत नाही, आणि कायद्यात नाव आल्याने पात्रात पाणी येत नाही ते वेगळेच. दुसरी दिशाभूल मोबाईलवरच्या उपग्रह नकाशाची. त्यात पात्र एवढे रुंद दिसते की माणसाला वाटते, इथे नाव अडेल कशाला? रुंदी खरी आहे, पण तिचा मोठा भाग रेती आहे आणि उरलेल्यातला बराचसा भाग घोटाभर पाण्याचा आहे. चित्र पावसाळ्यानंतर लगेच घेतलेले असेल तर नकाशा आणखी खोटा ठरतो. नकाशाऐवजी काठावर टरबुजाच्या वाड्या लावण्याच्या तयारीत असलेल्या ढिवर कुटुंबांना विचारावे. त्यांचे वर्षाचे पोट त्याच रेतीवर अवलंबून असल्याने पाणी कुठे आहे, कुठे नाही आणि कधी वाढते हे त्यांना नेमके माहीत असते. आम्हाला पहिल्याच दुपारी अशा एका आजोबांनी "पानी नाई जी पुढं, रेतीच हाये, वापस जा" असे सांगितले होते. साडूंनी त्यांना राष्ट्रीय जलमार्गाची हकिकत ऐकवली, तेव्हा ते काही न बोलता तंबाखू मळत राहिले.

धरणाखालच्या नदीचे गणित समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. गोसीखुर्दची कोनशिला 1988 मध्ये बसली, धरणाला 33 दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडले की खालच्या गावांची झोप उडते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी आणि खाली या धरणाचा विसर्ग असे एकत्र आल्यावर पवनी, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या पट्ट्यात जो पूर आला तो सर्वांच्या लक्षात आहे. दरवाजे बंद झाल्यावर मात्र खाली उरते ते पायथ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी, उपनद्यांचे पाणी आणि झिरपा. त्यामुळे एकाच दिवसात पाणी चढते आणि उतरते, आणि त्याचे वेळापत्रक नदीवरच्या माणसाला कोणी सांगत नाही. पहिल्या मुक्कामी आम्ही नाव गुडघाभर पाण्यात, बांबूला दोरीने बांधून ठेवली होती. सकाळी धुके एवढे दाट होते की नाव दिसेना. काका पुढे गेले आणि तिथूनच ओरडले की नाव जागेवर आहे, पाणी जागेवर नाही. नाव कोरड्या रेतीवर एका कुशीवर कलंडलेली होती, मोटारीचा पंखा रेतीत रुतला होता आणि पाण्याची कड तिथून चांगली पन्नास पावले दूर होती. पुढच्या मुक्कामी हेच उलटे झाले आणि पाणी चुलीपर्यंत आले. म्हणून संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काडी रोवावी, तासाभराने पाहावी आणि झोपण्यापूर्वी पुन्हा पाहावी. काडी काय सांगते त्यावर नाव कुठे बांधायची ते ठरवावे.

आता रेतीविषयी. पवनीच्या पुलाखालून थोडे अंतर गेल्यावर मुख्य धार दुभंगते, मग प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो, आणि जो फाटा सर्वांत रुंद दिसतो तो बहुधा सर्वांत उथळ असतो. खोल धार कोरलेल्या काठाला लागून जाते. जिथे काठ उभा तुटलेला दिसेल तिकडे नाव न्यावी, जिथे काठ उतरता आणि रेतीचा असेल तिकडे जाऊ नये. एवढे पाळूनही दिवसातून अनेकदा उतरून नाव ओढावी लागते. मोटार वर उचलावी, पेट्रोलचे कॅन आणि पाण्याचे डबे उतरवून डोक्यावर पुढे न्यावेत आणि मग रिकामी नाव ओढावी; सामानासकट ओढण्याचा हट्ट केला तर बूड घासून फायबरचा वरचा थर जातो आणि कंबरही जाते. खरा धोका मात्र ओढण्याच्या श्रमाचा नाही, रेतीघाटांवरच्या, म्हणजे रेती उपसण्याच्या जागांवरच्या खड्ड्यांचा आहे. पोकलेनने उपसलेले खड्डे पाण्याखाली तसेच राहतात आणि वरून काही कळत नाही. घोटाभर पाण्यातून चालता चालता साडू अचानक छातीपर्यंत खाली गेले आणि केवळ नावेची कड हातात होती म्हणून वर आले. खड्ड्याच्या काठाची रेती पायाखालून सरकत राहते, त्यामुळे पोहता येणाऱ्यालाही तिथे पाय टेकवून बाहेर येता येत नाही. ओढताना प्रत्येकाचा एक हात नावेवर हवा आणि सर्वांत पुढच्याने बांबू टोचत चालावे. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्यात शिरताना दिसल्या की समोर खड्डे आहेत असेच समजावे.

त्याच चाकोऱ्यांमुळे आम्हाला ट्रॅक्टर सापडला, आणि या प्रवासातली सर्वांत कडू गोष्ट तीच आहे. एका ठिकाणी पाणी इतके विखुरले की पुढे नाव ओढून नेणे शक्य नव्हते. संध्याकाळ होत होती. काठावरच्या गावातून ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आला, मालकाने नाव पाहिली, आमचे चेहरे पाहिले आणि जेमतेम किलोमीटरभर नेऊन खालच्या डोहात सोडण्याचे 4,000 रुपये सांगितले. धान केंद्रावर न्यायची खेप सोडून आलो, असे त्याचे म्हणणे होते. ट्रॉलीत धानाचा एक दाणा नव्हता, ओली रेती मात्र होती. काकांनी त्याच्याशी गोडीत बोलून पाहिले, साडूंनी लाखांदूरकडचे नातेवाईक काढून पाहिले, पण तो एक रुपया खाली आला नाही, आणि नाव ट्रॉलीवर चढवल्यानंतर चढवण्याच्या मजुरीचे 500 वेगळे मागितले. दिले. वडशाला पोहोचल्यावर चौकशी केली तेव्हा तेवढ्या कामाचे हजार-बाराशेच्या वर कोणी घेत नाही असे चार जणांकडून कळले. यावर माझा सल्ला असा की नदीतून ट्रॅक्टर शोधू नये. नाव अडण्यापूर्वी, सकाळीच, एकाने काठावरच्या गावात जाऊन किराणा दुकानात किंवा पानठेल्यावर भाव विचारावा, चढवणे-उतरवणे धरून एकच रक्कम ठरवावी आणि ती दुकानदारासमोर ठरवावी. अंधार पडताना, ओल्या कपड्यांत, नावेजवळ उभ्या असलेल्या माणसाला भाव करता येत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याला ते चांगले ठाऊक असते.

याच्या उलट अनुभव जाळ्यांचा आला. धारेत आडवी लावलेली जाळी पाण्याबरोबर खाली दबलेली असतात आणि थर्माकोलचे तुकडे जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. एका जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंडाळला गेला आणि फाटला. मालक डोंग्यातून आला तेव्हा आता आणखी किती जाणार, असा विचार मनात आला, पण त्याने फाटका भाग बोटांनी मोजून पाहिला, 200 रुपये सांगितले आणि वर पंख्यातला दोरा कापायला स्वतःचा विळा दिला. थर्माकोल किंवा प्लॅस्टिकच्या बाटल्या एका रेषेत दिसल्या की मोटार बंद करून उचलावी आणि वल्ह्याने पलीकडे जावे.

मोटारीविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण समुद्राच्या किंवा तलावाच्या पाण्यासाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात रेतीचा उल्लेख ओझरता असतो. मोटार चालू असताना मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार पडत असते. इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरत आहे, याची ती खूण. उथळ पाण्यात मोटार रेती ओढते, त्याने पंपातला रबरी पंखा झिजतो आणि ते बारीक छिद्रही बुजते. आमची धार आधी करंगळीएवढी होती, दुपारपर्यंत ती दाभणाएवढी झाली आणि मग थेंब थेंब पडू लागली. छिद्रात पातळ तार घालून रेती काढली तेव्हा काम झाले, पण दर अर्ध्या तासाने तेच करावे लागले. पंपाचा रबरी पंखा जास्तीचा बरोबर ठेवावा. तो वाटेत कुठेही मिळत नाही. दुसरी गोष्ट शिअर पिनची. पंखा खडकाला आपटला की ही मऊ धातूची पिन तुटते आणि आतले गिअर वाचतात. आमच्या जवळच्या सर्व पिना वडशाच्या अलीकडे संपल्या. तेव्हा साडूंनी खिळा कापून घालण्याचे सुचवले आणि काकांनी ते ठामपणे नाकारले, तेच बरोबर होते, कारण लोखंडी खिळा तुटत नाही आणि मग जे तुटायला नको ते तुटते. वडशाला एका लेथवाल्याने पितळी सळईतून मोजून मापून मूठभर पिना कापून दिल्या आणि पैसे घेताना तोच संकोचला.

मुक्कामाचा प्रश्न अवघड आहे आणि त्याला चांगले उत्तर नाही. ब्रह्मपुरी वनविभागाच्या बाजूने झाडीच्या काठावर झोपू नये. तिथे वाघांची संख्या काय आहे आणि माणसांवर हल्ले किती होतात हे त्या भागातल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे, आणि वाघ ही नदी पोहून पार करतो. नदीमधल्या रेतीवर झोपावे तर पाणी वाढण्याची भीती. ज्या रेतीवर वर्षा-दोन वर्षांची झुडपे उभी आहेत ती उंच समजावी, नुसती गुळगुळीत रेती टाळावी. त्याहून बरे म्हणजे घाट असलेल्या गावात जाऊन समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर पडावे. रात्री रेतीघाटाजवळ मात्र मुक्काम करू नये. टॉर्च मारत येणारे लोक रेतीचोर आहेत की त्यांना पकडायला आलेले पथक, हे आपल्याला कळत नाही, आणि आपण कोण हे त्यांनाही कळत नाही. नाव आणि मोटार खरेदीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत वर ठेवावी, आणि गडचिरोली जिल्ह्यात शिरण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात तीन नावे आणि मार्ग सांगून ठेवावा.

वडशाच्या पुलाखालून पुढे पाणी बरे आहे. चारी बाजूंनी नदी असलेल्या लाडज गावाजवळून गेलो, आरमोरीचा पूल ओलांडला, थंडी होती, वारा नव्हता, मोटार चालली. लिहिण्यासारखे काही घडले नाही. बॅरेजच्या फुगवट्यात तर पाणी इतके खोल आणि शांत आहे की ज्यांना केवळ नावेत बसायचे आहे त्यांनी तिथेच नाव सोडावी आणि तिथेच फिरून परत यावे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी अजून उतरलेले नसताना वडशाहून खाली जाण्यास माझी हरकत नाही. डिसेंबर लागल्यावर गडचिरोलीच्या वर नाव पाण्यात टाकू नये. अंभोऱ्याहून, म्हणजे धरणाच्या वरून, सुरुवात करण्याची कल्पना अनेकांना सुचते. तिथे कन्हान आणि नाग नद्यांतून येणारी जलपर्णी पंख्यात अडकते आणि शेवटी धरणाची अकरा किलोमीटरची भिंत असते, ती नावेने ओलांडण्याची कोणतीही सोय नाही.

सोय बॅरेजवरही नाही. गडचिरोलीजवळचा कोटगल आणि चामोर्शीजवळचा चिचडोह हे दोन्ही पाणी अडवण्यासाठी बांधले आहेत, नावा जाण्यासाठी नाहीत. नाव बाहेर काढून रस्त्याने फिरवून खाली सोडावी लागते. दरवाज्यांच्या जवळ जाऊ नये, वरून पाणी संथ दिसले तरी. कोटगलला आम्ही आदल्या संध्याकाळी फोन करून छोटा टेम्पो ठरवला आणि 900 रुपयांत काम झाले. चिचडोहला नाव बाहेर काढली तेव्हा काकांनी विचारले की खाली पुन्हा रेती लागेल काय, आणि काठावरच्या माणसाने "लागन जी" एवढेच सांगितले. त्यावर तिघांपैकी कोणी काही बोलले नाही. नाव तशीच पवनीच्या दिशेने जाणाऱ्या रिकाम्या टेम्पोवर चढवली. परतीचे वाहन चामोर्शीच्या बाजारात ठरवावे, बाजाराच्या दिवशी भाजी उतरवून परत जाणारे टेम्पो असतात आणि ते कमी घेतात. नाव पालथी बांधावी, बुडाखाली पोत्यांत धानाचा पेंढा भरून ठेवावा आणि मोटार नावेत न ठेवता चालकाच्या केबिनमध्ये उभी ठेवावी, आडवी ठेवल्यास आतले तेल गळते.