तिथीची पाऊणपट

होळीच्या दोन दिवस आधी पहाटे चारला पुणं सोडलं. आम्ही पाच जण, भाड्याने घेतलेली कॅम्पर व्हॅन आणि हाताशी आठ दिवस. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दहाच्या सुमारास बागमांडल्याला पोचलो आणि फेरीबोटीने पलीकडे वेसवीला. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाण्याकडे जाताना पाहिली. दोरीच्या आत हात घालून मोबाईल पुढे सरकवणाऱ्या गर्दीचा मनापासून राग आला. केळशी, आंजर्ले, होळीच्या रात्रीचं चांदणं, सगळंच छान होतं. पण मला लिहायचंय ते दाभोळच्या जेट्टीवरच्या चार तासांबद्दल.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दाभोळला आलो. इथे वाशिष्ठी समुद्राला मिळते. धोपाव्याला जाणारी फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणवरून भला मोठा वळसा पडायचा. बोट समोर उभी होती, रांगही नव्हती. आमच्या मित्राने व्हॅन उतारावर घेतली आणि बोटीवरच्या माणसाने दोन्ही हात वर करून थांबवलं.

खाली उतरून पाहिलं. पाणी पार तळाला गेलं होतं. एरवी पाण्याखाली असणारा उतार हिरव्या शेवाळाने माखलेला, आणि त्याच्या टोकाशी बोटीचा लोखंडी फाळका टेकलेला. साध्या गाडीला काहीच अडचण नाही. पण कॅम्पर व्हॅनचं शेपूट मागच्या चाकांच्याही बरंच मागे लोंबतं. पुढची चाकं फाळक्यावर चढली की मागचा भाग उतारावर घासणार, आणि सांडपाण्याचा पाइप नेमका तिथेच. त्या माणसाने वाकून पाइपाखाली हात धरला. जेमतेम दीड वीत.

"पाणी चढूं दे," तो म्हणाला. "मग सपाट होईल."

"किती वेळ लागेल?"

उत्तर बाजूला जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी दिलं. "आज काय, द्वितीया ना? दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पुरी. तुमचं काम बाराच्या आतच होईल. निघताना तिथी बघितली नाय?"

नव्हती बघितली. पेट्रोल पंप, मुक्कामाच्या जागा, गाडीची उंची, सगळं वहीत लिहून आणलं होतं. खाडी ओलांडायची तर खाडीची वेळ पाहावी लागते, हे पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काकांनी मग नीट समजावलं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुन्हा एकापासून. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तिचा हा तोंडी हिशेब. बागमांडल्याला आम्ही विनासायास चढलो होतो, कारण त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. नुसतं नशीब!

मग बसलो. नऊनंतर व्हॅनचा पत्रा तापायला लागतो आणि आत थांबवत नाही. फाल्गुनातली कोकणातली हवा चिकट असते, कुणी काहीही सांगो. दोन्ही दारं उघडी टाकली आणि जेट्टीच्या कठड्याला टेकलो. समोर उघड्या पडलेल्या खडकांवर चार बायका कालवं फोडत होत्या. आकड्याचा एक घाव, कवच उघडलं, बोटाने आतला गर टोपात. पाणी घोट्याला लागलं की एक पाऊल मागे, पुन्हा घाव. खडकाची कड बुडायला लागली तशा एकीमागून एक वर आल्या. घड्याळ कुणीच पाहिलं नाही.

मी उतारावरची एक चीर धरून बसले होते. साडेनऊला ती कोरडी होती. पाणी तिच्याशी यायचं, मागे जायचं, परत यायचं, आणि मग एकदा आलं ते गेलंच नाही. इतकी वर्षं समुद्रावर जातेय, पण भरती येताना आधी कधी पाहिली नव्हती. आमच्यातली सगळ्यात बडबडी मैत्रीण तासभर एक शब्द बोलली नाही.

पावणेबाराला फाळका जवळपास सपाट झाला. व्हॅन चढली, काहीही घासलं नाही. काकांना हाक मारली तर त्यांनी जाळ्यातून मान वर न काढता नुसता हात हलवला.

गुहागर, वेळणेश्वर यांबद्दल इतकंच सांगते की आम्ही झोपलो, पोहलो आणि सुरूच्या सावलीत गाडी लावण्यावरून भांडलो. हेदवीला चतुर्थी होती. बरोबर तीनला बामणघळीपाशी जाऊन उभे राहिलो. खडकाच्या त्या अरुंद चिरेत लाट शिरली आणि पाणी आमच्या डोक्यांच्या वर उडालं. शेजारचं एक कुटुंब सकाळपासून दुसऱ्यांदा आलं होतं. सकाळी म्हणे इथे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तवसाळहून जयगडला जायचं होतं. आंघोळी उरकून दहालाच सगळे तयार होते. मित्राने किल्ली हातात घेतली, दिनदर्शिकेकडे पाहिलं आणि परत खुंटीला अडकवली.

"पंचमी," तो म्हणाला. "पावणेचार. जेवून निघू."