बिस्मथ फेराइट, पेलेट 9: गळती आटोक्यात, जुना लूप रद्द

बिस्मथ फेराइट म्हणजे बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजनचं संयुग; त्याची पूड दाबून, भाजून मी चकत्या (पेलेट) करते आणि त्यांचं विद्युत ध्रुवण, म्हणजे आतले धन-ऋण प्रभार किती सरकतात ते, मोजते. मागच्या नोंदीत पेलेट 7 चा जाडजूड लूप (व्होल्टेज वर-खाली करताना ध्रुवणाचा येणारा बंद आलेख) टाकून ‘ध्रुवण मिळालं’ असं लिहिलं होतं. ते मागे घेते. ती गळती होती, म्हणजे पेलेटमधून सरळ वाहणारा प्रवाह.

शंका आली ती वारंवारता बदलल्यावर. 1000 हर्ट्‌झला लूप बारीक, 100 ला फुगलेला, 10 ला तर थेट केळ्याच्या आकाराचा, दोन्ही टोकं गोल. पेलेटमधून प्रभार सरळ वाहत असेल तर जितका वेळ द्याल तितका तो सॉयर-टॉवरच्या (ध्रुवण मोजायच्या परिपथाच्या) संदर्भ कपॅसिटरवर साठत जातो आणि पडद्यावर ध्रुवण वाढल्यासारखं दिसतं. तीन आठवडे मी हेच मोजत होते.

मूळ भाजणीत आहे. 820 अंश सेल्सियसवर चार तास ठेवलं की बिस्मथ उडतो. पेलेट 7 चं वजन 1.3 टक्के घटलं होतं. सोबत ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या होतात, थोडं फेरिक (तीन-संयुजी) लोह फेरस (दोन-संयुजी) होतं आणि इलेक्ट्रॉन एका लोहावरून दुसऱ्यावर उड्या मारत निघतात. शिवाय जिथे बिस्मथ कमी पडतो तिथे मुलाइटसारख्या (मुलाइट हे एक खनिज) रचनेची नको ती फेज, म्हणजे वेगळंच संयुग, वाढते.

म्हणून पेलेट 9 ला 880 अंशांवर आधीच तापलेल्या भट्टीत सरकवलं, साडेसात मिनिटांत बाहेर काढलं. बिस्मथ ऑक्साइड 817 ला वितळतो, त्यामुळे कण पटकन जुळतात आणि बिस्मथाला उडायला वेळच मिळत नाही. खाली त्याच मिश्रणाची पूड पसरली होती. वजनातली घट 0.2 टक्के! तडा एकही नाही. रोध आधीच्या शंभरपटीहून जास्त. त्या संध्याकाळी मी मीटरची टोकं चार वेळा लावून पाहिली.

निओडिमियम चुंबकाला पेलेट दाद देत नाही, हेही चांगलंच. शुद्ध बिस्मथ फेराइटमध्ये स्पिन (लोहाच्या अणूंचे चिमुकले चुंबक) 62 नॅनोमीटरच्या आवर्तनात फिरत जातात आणि एकूण चुंबकत्व शून्याजवळ येतं. कच्चा माल म्हणून आधी घेतलेला रंगकामाचा लाल लोह ऑक्साइड पिशवीतच चुंबकाकडे सरकायचा. तो पुन्हा घेणार नाही. महाग पडला तरी विश्लेषण-दर्जाचाच घ्या.

लूप अजून संतृप्त होत नाही, म्हणजे व्होल्टेज वाढवूनही टोकं सपाट होत नाहीत. पुढे लँथनम घालायचं ठरलं होतं: बिस्मथ टिकतो आणि स्पिनचं ते आवर्तनही मोडतं. पण हे लिहिताना वाटतंय, आधी टायटॅनियम. लोहाच्या जागी चार-संयुजी अणू आला की त्याच्या जादा धन प्रभारामुळे रिकाम्या ऑक्सिजन जागा कमी होतात, म्हणजे गळतीच्या मुळावर घाव. ध्रुवण 71 किंवा 109 अंशांनी वळलं की स्पिन ज्यात सहज पडून राहतात ते सोयीचं प्रतलही वळतं, ते बघायचं तर पेलेटला मोठं व्होल्टेज सोसलं पाहिजे. गळक्या पेलेटला ते सोसत नाही.

लँथनमची पुडी परत डब्यात. उद्या 2 टक्के टायटॅनियमचं वजन करते.